‘हा बघच’: कल्ट सिनेमांच्या शिफारशींवर काढलेले काही महिने

आधी व्यवस्था सांगते, मग मत. आमचं सिनेमावेड्यांचं एक छोटं टोळकं आहे. ठरलं असं की प्रत्येकाने आळीपाळीने दुसऱ्या कुणाला तरी एक सिनेमा द्यायचा. अट एकच, लोक ज्याला कल्ट म्हणतात त्यातला हवा. घेणाऱ्याने ट्रेलर बघायचा नाही, मध्येच फोन हातात घ्यायचा नाही आणि कितीही वैताग आला तरी शेवटपर्यंत बसायचं. मत दुसऱ्या दिवशी द्यायचं, त्याच रात्री नाही. कित्येक महिने झाले, प्रकरण अजून चालू आहे आणि भांडणं होऊनही कुणी सोडून गेलेलं नाही.

माझं मत: चालतं, आणि भन्नाट चालतं. पण शिफारस नुसती ‘हा बघच’ एवढीच असेल तर ती बहुतेक वेळा फुकट जाते. एरवीच्या सिनेमांना तेवढं पुरतं. कल्ट सिनेमाचं औषधासारखं आहे. कुठलं, कधी आणि कशासोबत घ्यायचं हे सांगितलं नाही तर गुण येत नाही.

कल्ट म्हणजे काय यावर सुरुवातीला नुसता गोंधळ होता. एकाचं म्हणणं, सिनेमा आधी आपटलेला हवा. दुसऱ्याचं, तो विचित्र हवा. मग कुणीतरी ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) काढला आणि अर्धी संध्याकाळ त्यात गेली. तो धड आपटलेला नाही, विचित्रही नाही, मग कल्ट कसा? मी त्याच्या बाजूने होते आणि अजूनही आहे. इटालियन लेखक उंबेर्तो इकोने ‘कॅसाब्लांका’वरच्या निबंधात म्हटलंय की कल्ट सिनेमाचे तुकडे करता आले पाहिजेत, म्हणजे मूळ गोष्ट बाजूला राहिली तरी तुकडे लोकांच्या तोंडी जगतात. या कसोटीवर ‘बनवाबनवी’ सहज पास होतो. तो मुळात ‘बीवी और मकान’ (१९६६) या हृषीकेश मुखर्जींच्या सिनेमावर बेतलेला, हे ठाऊक नसलेल्यालाही त्यातलं पत्ता विचारणारं वाक्य येतं. शेवटी आम्ही व्याख्येचा नाद सोडला. ज्याच्यासाठी कुणीतरी तावातावाने भांडायला तयार आहे तो कल्ट, एवढ्यावर भागवलं.

आता मुख्य मुद्दा. पहिला प्रश्न कायम हाच: कुठली आवृत्ती?

‘ब्लेड रनर’ (१९८२) आमच्यातल्या दोघांनी एकाच आठवड्यात बघितला. दुसऱ्या दिवशी एक म्हणाला, शेवट जरा गोडच केलाय, दोघं आपले गाडीतून डोंगरात निघून जातात. दुसरी म्हणाली, कुठली गाडी? लिफ्टचं दार बंद होतं आणि सिनेमा संपतो. दोघंही बरोबर. पहिल्याने १९८२ची थिएटरची आवृत्ती बघितली होती, जिच्यात हॅरिसन फोर्डचं कंटाळलेल्या आवाजातलं निवेदन आहे आणि शेवटाला ‘द शायनिंग’साठी हवेतून घेतलेली, वापरात न आलेली डोंगरांची दृश्यं चिकटवली आहेत. दुसरीने २००७चा ‘फायनल कट’ बघितला. त्यात निवेदन नाही, गोड शेवट नाही आणि युनिकॉर्नचं एक स्वप्न आहे ज्यामुळे नायक माणूस की यंत्र हाच प्रश्न उभा राहतो. दोन वेगळे सिनेमे म्हणावेत इतका फरक. मी तरी कुणालाही २००७चाच देते. निवेदनवाला ज्यांना जिव्हाळ्याचा वाटतो त्यांच्याशी वाद घालत नाही, पहिल्या प्रेमाचं तसंच असतं.

‘ब्राझील’ची (१९८५) कथा याहून वाईट. टेरी गिलियमची १४२ मिनिटांची आवृत्ती आणि स्टुडिओने कापून-शिवून केलेली ९४ मिनिटांची सुखान्त आवृत्ती, दोन्ही अस्तित्वात आहेत. यंत्रणेने माणसाला चिरडण्याची गोष्ट, आणि ती आनंदात संपवायची! झुलाव्स्कीच्या ‘पझेशन’मधूनही (१९८१) अमेरिकेत जवळपास ४० मिनिटं कापली गेली. ज्या भूमिकेसाठी इझाबेल अद्जानीला कान चित्रपट महोत्सवात पुरस्कार मिळाला, तीच त्या कापाकापीत नुसत्या किंचाळ्या वाटायला लागते. म्हणून आता आमच्याकडे सिनेमाच्या नावासोबत मिनिटं सांगायची पद्धत पडली आहे. मिनिटं जुळली नाहीत तर बघायला बसायचंच नाही.

आवृत्तीइतकीच प्रत महत्त्वाची. जॉर्ज रोमेरोच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’चं (१९६८) नाव प्रदर्शनाआधी बदललं गेलं आणि नव्या नावाच्या पाटीवर कॉपीराइटची सूचना टाकायची राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार सिनेमा थेट सार्वजनिक मालकीचा झाला. परिणाम असा की जो तो त्याच्या प्रती काढत सुटला. गावभर पोचला तो यामुळेच, आणि वर्षानुवर्षं लोकांनी चिखलात बुडवून काढल्यासारखा बघितला तोही यामुळेच. मला आधी अशीच एक प्रत मिळाली होती, तळघरातल्या प्रसंगात काळ्यावर काळं. २०१६ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने मूळ निगेटिव्हवरून केलेलं रीस्टोरेशन नंतर बघितलं आणि तेव्हा कळलं की रोमेरोने प्रकाश किती विचार करून वापरलाय. नायक ड्युएन जोन्सचा चेहरा, खिडक्यांवर ठोकलेल्या फळ्या, त्यांच्यातून आत येणारे हात, सगळं धारदार. जाता जाता, या सिनेमात ‘झोंबी’ हा शब्द एकदाही उच्चारला जात नाही.

दुसरा प्रश्न: एकट्याने की टोळक्यात?

‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ (१९७५) पहिल्या प्रदर्शनात पडला. १९७६च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली थिएटरमध्ये त्याचे मध्यरात्रीचे खेळ लागले आणि प्रेक्षक पडद्याशी बोलायला लागले. लग्नाच्या प्रसंगात तांदूळ उधळायचे, पाऊस आला की डोक्यावर वर्तमानपत्र धरायचं, पात्रांना उलट उत्तरं द्यायची. तो सिनेमा त्या गर्दीसकटच पूर्ण होतो. घरी एकट्याने बघितला तर गाणी मस्त आणि उत्तरार्ध रेंगाळलेला, एवढंच हाती लागतं. ‘द रूम’चंही (२००३) तेच. टॉमी वायझोने लिहिलेला, दिग्दर्शित केलेला, निर्माण केलेला, वर नायकही तोच. दिवाणखान्यात एक फोटोफ्रेम दिसते आणि फ्रेममध्ये चक्क चमच्याचा फोटो. खेळाला आलेले लोक ती फ्रेम दिसली की प्लॅस्टिकचे चमचे फेकतात. आम्ही एकत्र बसून बघितला तेव्हा ती फ्रेम कोण आधी पकडतो याची चढाओढ लागली आणि हसून पोट दुखलं. आमच्यातल्या एकीने तो आधी एकटीने बघितला होता. तिचा अभिप्राय दोन शब्दांचा: शिक्षा आहे.

‘इरेझरहेड’ (१९७७) मात्र टोळक्यात अजिबात बघू नका. कुणीतरी एक विनोद करतो आणि सगळं पाणी पाणी होतं. मला देणाऱ्याने तीन सूचना दिल्या होत्या: रात्री, एकटीने, चांगल्या हेडफोनवर. तिन्ही पाळल्या. दिग्दर्शक डेव्हिड लिंच आणि आवाजाची बाजू सांभाळणारा ॲलन स्प्लेट यांनी त्या सिनेमाखाली एक घरघर अंथरली आहे, रेडिएटरची, वाऱ्याची, लांबच्या कारखान्याची. ती थांबतच नाही. थोड्या वेळाने आपल्याला तिची सवय होते आणि मग ती अचानक बदलते तेव्हा पडद्यावर काहीही घडत नसताना छातीत धस्स होतं. चित्रण तुकड्यातुकड्याने काही वर्षं चाललं होतं. नायक दाराची मूठ फिरवतो तो शॉट आणि आत येतो तो शॉट, यांत दीड वर्षाचं अंतर असल्याचं लिंच सांगायचा. जॅक नॅन्सच्या चेहऱ्यावर त्या दीड वर्षाचा मागमूसही नाही. टीव्हीच्या स्पीकरवर बघितला असता तर मी अर्ध्या तासात ‘डोक्यावरून गेला’ म्हणून मोकळी झाले असते.

सगळ्यात नेमकी शिफारस मला ‘द थिंग’साठी (१९८२) मिळाली. चार शब्द: कुत्र्यावरची नजर हटवू नकोस. बस. जॉन कार्पेंटरचा हा भीतिदायक परग्रहवासीयाचा सिनेमा आणि ‘ब्लेड रनर’ अमेरिकेत एकाच दिवशी लागले होते, २५ जून १९८२. दोनच आठवडे आधी ‘ई.टी.’ आला होता आणि प्रेमळ परग्रहवासीयावर लोक फिदा होते. दोघंही पडले, समीक्षकांनी ‘द थिंग’ला तर झोडपून काढला. सुरुवातीलाच हेलिकॉप्टर एका कुत्र्याच्या मागे लागलेलं दिसतं. त्या चार शब्दांमुळे मी बाकी माणसं सोडून तो कुत्रा बघत बसले. तो कॉरिडॉरमधून किती शांतपणे चालतो, कुठल्या दाराशी थांबतो, कुणाच्या सावलीकडे जातो. कथेचं काही फुटलं नाही, पण भीती अर्धा तास आधी सुरू झाली. ज्याला नॉर्वेजियन येतं त्याला मात्र हा सिनेमा देऊ नका. पहिल्याच प्रसंगात ओरडणारा माणूस सगळं सांगून टाकतो.

आता कुरबुरी.

‘इतका वाईट की भारी’ हा पंथ मला झेपला नाही, निदान आठवड्यामागून आठवडे तरी नाही. ‘गुंडा’ (१९९८) घ्या. पात्रं यमकांत स्वतःची ओळख करून देतात, त्याला पहिला अर्धा तास खदखदून हसू येतं. पण त्यात बायकांवरच्या अत्याचाराचे प्रसंगही आहेत आणि तिथे हसणाऱ्यांसोबत बसणं जड जातं. देणाऱ्याने हे आधी सांगायला हवं, कुणी सांगत नाही. ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ (१९५९) त्या मानाने निरागस. त्यातला नट बेला लुगोसी १९५६ साली वारला, त्याची काही मिनिटांची फीत दिग्दर्शक एड वुडकडे होती, उरलेल्या भागात वुडने आपल्या बायकोच्या कायरोप्रॅक्टरला (पाठ-मणक्यावर हाताने उपचार करणाऱ्याला) उभं केलं. तो लुगोसीपेक्षा उंच, म्हणून तोंडावर कायम झगा. यावर हसता हसता वाईट वाटायला लागतं, आणि तेच मला आवडलं. मुद्दाम वाईट काढलेले अलीकडचे सिनेमे मात्र एकानेही देऊ नयेत. वुडला आपण चांगला सिनेमा काढतोय असं मनापासून वाटत होतं, सगळी गंमत तिथे आहे.

दुसरी कुरबुर: ‘तुला कळला नाही’ हे वाक्य. कमल स्वरूपचा ‘ओम दर-ब-दर’ १९८८चा, थिएटरात रीतसर लागला तो २०१४ साली. मधली पंचवीसेक वर्षं तो भक्तांच्या जोरावर जगला. असे भक्त शिफारस करतात तेव्हा ती परीक्षाच असते. मला तो तुकड्यांत प्रचंड आवडला, सलग नाही, आणि एवढं म्हणायला मला बराच वेळ भांडावं लागलं. उलट जपानी ‘हाउसु’ (१९७७) देणारी मैत्रीण एवढंच म्हणाली की ओबायाशीने यातल्या कित्येक कल्पना आपल्या लहान मुलीकडून घेतल्यात. पियानो मुलीला गिळतो तेव्हा मग प्रश्नच पडत नाही, लहान मुलाच्या डोक्यातलं भूत असंच असणार. तिनेच पुढे चेक दिग्दर्शिका व्हेरा खितिलोव्हाचा ‘डेझीज’ (१९६६) आणला. तोवर आमच्या यादीत ऐंशीच्या दशकातली बंदूकवाली मंडळीच जास्त होती, हे तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं.

अनपेक्षित फायदा म्हणजे माहितीतले सिनेमे नव्याने उघडतात. ‘जाने भी दो यारों’ (१९८३) आम्हाला पाठ. पण एकाने अंतोनिओनीचा ‘ब्लो-अप’ (१९६६) दिला, ज्यात बागेतल्या फोटोची मोठी प्रत काढल्यावर प्रेत दिसतं, आणि मग कुंदन शाहने आपल्या बागेचं नाव अंतोनिओनी पार्क का ठेवलं ते एकदम टाळक्यात शिरलं. ‘तुंबाड’चंही (२०१८) तसंच. त्याचं बीज नारायण धारपांच्या कथेत आहे हे कळल्यावर दोघांनी धारप वाचायला घेतले. आणि तोंडी शिफारशीत किती दम असतो याचा पुरावाही तोच: २०२४च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा लागला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमवला.

कुणी करावं? ज्याला नावडता सिनेमा शेवटपर्यंत सोसता येतो आणि आपला लाडका दुसऱ्याला न आवडलेला सोसता येतो त्याने. दुसरं पहिल्यापेक्षा कठीण आहे. सिनेमा मागे लावून कामं उरकणाऱ्यांनी या फंदात पडू नये. टोळकं लहानच ठेवा, आणि तारे द्यायची पद्धत पहिल्या दिवसापासून बंद करा; आम्ही ती मध्येच बंद केली तेव्हा कुठे लोक नीट बोलायला लागले.

सध्या माझ्या वाट्याला शिन्या त्सुकामोतोचा ‘तेत्सुओ’ (१९८९) आलाय. कृष्णधवल, ६७ मिनिटं, सूचना एकच: आवाज कमी करायचा नाही. शेजाऱ्यांना आधी कल्पना देऊन ठेवली आहे.