भाव आपोआप बदलणारं टूल: चौदा महिन्यांचा अनुभव

चौदा महिन्यांपूर्वी मी माझ्या दोन घरांचे रोजचे भाव ठरवायचं काम एका टूलवर सोपवलं. दोन्ही घरं अल्प मुदतीच्या भाड्याने देते. त्याआधी भाव मी स्वतः ठरवायचे: भर सीझनचा एक, मंदीचा एक आणि शनिवार-रविवारचा थोडा चढा. टूल घेतल्यावर पहिल्या दोन महिन्यांतच कौतुक लिहायला बसले होते. बरं झालं तेव्हा लिहिलं नाही, कारण एक पूर्ण वर्ष फिरून तेच महिने पुन्हा आल्याशिवाय या टूलबद्दल खरं काही सांगता येत नाही.

दुसरा महिना मंदीचा होता. एका घराच्या ३० रात्रींपैकी २७ भरल्या, म्हणजे ऑक्युपन्सी ९० टक्के. मंदीत इतकं कधी भरलंच नव्हतं, त्यामुळे मी भलतीच खूश होते. महिनाअखेरीला वही उघडली आणि हिशेब मांडला. माझा मूळ भाव १०० धरला, तर रात्रीला सरासरी ६८ मिळाले होते. २७ रात्रींचे झाले १८३६. पाहुणे १३ वेळा बदलले. प्रत्येक वेळची सफाई, चादरी-टॉवेलची धुलाई आणि बारीकसारीक सामान मिळून १५ धरले तर १९५ गेले. हातात उरले १६४१.

वर्षभराने त्याच महिन्यात, त्याच घरात, फक्त २० रात्री भरल्या. ऑक्युपन्सी ६७ टक्के, पण सरासरी भाव १०४. एकूण २०८० आले. पाहुणे सहाच वेळा बदलले, म्हणजे खर्च ९० आणि हातात १९९०. सात रात्री कमी विकल्या, तरी जास्त उरलं, आणि घराची झीजही कमी झाली. मधल्या काळात टूल तेच होतं. मी त्याला दिलेल्या सूचना बदलल्या होत्या.

सगळ्यात मोठी सूचना म्हणजे किमान भाव. सुरुवातीला मी तो अंदाजाने टाकला आणि फार खाली टाकला. टूलला रात्र रिकामी दिसली की ते भाव उतरवत जातं आणि त्या मर्यादेवर जाऊन थांबतं. एका रात्रीसाठी येणाऱ्या पाहुण्याच्या भाड्यातून सफाईचा खर्च वजा केला तर काय उरतं, हे त्याच्या गणितात नसतं. ते आपणच काढून द्यायचं. मी आता किमान भाव मुक्कामाच्या लांबीप्रमाणे ठरवते: एका रात्रीसाठी चढा, चार रात्रींच्या पुढे कमी.

ऑक्युपन्सीचा आकडा कसा काढलाय, तेही नीट बघा. एका महिन्यात सहा रात्री मी घर दुरुस्तीसाठी बंद ठेवलं होतं आणि १८ रात्री विकल्या होत्या. टूलच्या पडद्यावर ७५ टक्के दिसत होते, माझ्या वहीत ६०. चूक कोणाचीच नव्हती. टूल १८ला २४ने भागत होतं, मी ३०ने. पण आजूबाजूच्या घरांशी तुलना करताना एकाचा आकडा एका पद्धतीचा आणि दुसऱ्याचा दुसऱ्या पद्धतीचा असेल, तर त्या तुलनेला अर्थ राहत नाही. हॉटेलवाले तर नुसती ऑक्युपन्सी न बघता उपलब्ध खोलीमागे मिळालेलं उत्पन्न बघतात, म्हणजे सरासरी भाव गुणिले ऑक्युपन्सी. मी तोच आकडा धरते, फक्त त्यातून सफाईचा खर्च वजा करते.

मला या टूलने सर्वांत जास्त शिकवलं ते त्याच्या एका अपयशातून. मधल्या सीझनमधला आठवडा होता. एक कुटुंब बुधवारी सकाळी जाणार होतं, पुढचे पाहुणे शुक्रवारी दुपारी येणार होते. मध्ये बुधवार आणि गुरुवार अशा दोन रात्री मोकळ्या. टूलने त्या दोन रात्रींचा भाव दहा दिवसांत आठ वेळा उतरवला. कोणी विचारलंसुद्धा नाही. अकराव्या दिवशी मी पाहुणा म्हणून स्वतः त्या तारखा शोधून पाहिल्या, तर माझं घर यादीत दिसतच नव्हतं. कारण साधं होतं: मी किमान मुक्काम तीन रात्रींचा ठेवला होता आणि फट दोन रात्रींची होती. जे घर कोणाला दिसतच नाही, त्याचा भाव कितीही उतरवून काय होणार! किमान मुक्काम दोन रात्रींवर आणला, भाव पुन्हा मूळ जागी नेला, आणि त्याच संध्याकाळी बुकिंग आलं, पूर्ण भावाने.

तेव्हापासून दर सोमवारी मी पुढच्या तीन आठवड्यांच्या फटी मोजते. बऱ्याच टूलमध्ये फटीच्या लांबीइतका किमान मुक्काम आपोआप करण्याची सोय असते. माझ्याही होती, पण सेटिंगच्या तिसऱ्या पानावर आणि बंद ठेवलेली. तुमच्याकडे ती असेल तर आजच चालू करा. माझ्या रिकाम्या रात्रींपैकी मोठा वाटा मागणी नसल्यामुळे रिकामा नव्हता, तो अशा फटींमध्ये अडकलेला होता.

आता सीझनबद्दल. पूर्वी मला वाटायचं की सीझन म्हणजे मागणी किती आहे. आता वाटतं, बुकिंग किती आधी येतं हे त्याहून महत्त्वाचं आहे. माझ्याकडे शाळांच्या मोठ्या सुट्टीतल्या रात्री तीन-चार महिने आधी जातात, मंदीतल्या आठवडाभर आधी. म्हणजे दोन महिन्यांनंतरचं कॅलेंडर निम्मं रिकामं असेल, तर मंदीत त्यात काळजीचं काही नाही, पण भर सीझनमध्ये ती धोक्याची घंटा आहे. माझं टूल सुरुवातीला दोन्हींकडे सारखंच बघत होतं आणि मंदीच्या रात्रींचा भाव दीड महिना आधीच पाडून ठेवत होतं, जेव्हा गिऱ्हाईक शोधायलाही बसलेलं नसतं. शेवटच्या क्षणाची सूट मी आता मंदीत फक्त शेवटच्या पाच दिवसांपुरती ठेवली आहे.

भर सीझनची अडचण उलटी असते. तिथे भीती रिकामं राहण्याची नसते, लवकर आणि स्वस्तात विकलं जाण्याची असते. एकदा दोन्ही घरांच्या त्याच तीन रात्री एका तासात गेल्या. आनंद व्हायच्या आत पोटात गोळा आला, कारण इतक्या झपाट्याने जातं ते बहुधा स्वस्त असतं. जवळच मोठा कार्यक्रम जाहीर झाला होता आणि टूलला ते तीन दिवसांनी कळलं. दिलेला शब्द मोडायचा नाही म्हणून मी ती बुकिंग तशीच पाळली.

यावरचा विचार हॉटेल आणि विमान कंपन्यांनी फार पूर्वी केलेला आहे. १९७२ मध्ये बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीतल्या केन लिटलवुड यांनी एक नियम मांडला: स्वस्त तिकीट तोवरच विकावं, जोवर त्याचा भाव, ती जागा राखून ठेवल्यावर महाग तिकिटातून अपेक्षित असलेल्या कमाईपेक्षा कमी नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर आज १०० देणारा पाहुणा दारात आहे आणि नंतर १६० देणारा येईल असं वाटतंय. १०० भागिले १६० म्हणजे ६२.५ टक्के. १६० वाला येण्याची शक्यता याहून जास्त वाटत असेल तर थांबावं, कमी वाटत असेल तर आजचा घ्यावा. मी मोठ्या शनिवार-रविवारांसाठी हे गणित कागदावर करते. शक्यता मात्र मनाने धरता येत नाही, त्यासाठी मागच्या वर्षीची नोंद लागते. दर रविवारी रात्री पुढच्या तीन महिन्यांच्या किती रात्री विकल्या गेल्या एवढंच लिहून ठेवलं तरी पुरतं.

नोंदींची तुलना करताना एक काळजी घ्या. वर्षात ५२ आठवडे आणि वर एक दिवस असतो, त्यामुळे तारखेला तारीख लावली की वार सरकतो. माझ्या टूलच्या एका आलेखात मागच्या वर्षीचा शनिवार या वर्षीच्या रविवारसमोर उभा होता आणि मागणी कोसळल्यासारखी दिसत होती. तुलना ३६४ दिवसांमागच्या दिवसाशी करावी. चंद्रावर चालणारे सण तर याहून जास्त सरकतात, ते हातानेच जुळवावे लागतात.

जोडणीत एकदा मोठा फटका बसला. दोन संकेतस्थळांवरची कॅलेंडरं मी आयकॅलच्या, म्हणजे एकाचं कॅलेंडर फाइल म्हणून दुसऱ्याला वाचू देणाऱ्या, दुव्याने जोडली होती. ती फाइल ठरावीक अंतराने वाचली जाते, तत्क्षणी नाही. मधल्या वेळेत एकच रात्र दोघांना विकली गेली. लहान मुलं घेऊन निघालेल्या एका कुटुंबाला मला नाही म्हणावं लागलं, आणि ते अजून मनाला लागून आहे. दोन ठिकाणी लिस्टिंग असेल तर थेट जोडणी देणारी व्यवस्था घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

ज्या शहरांत वर्षाच्या रात्रींवर मर्यादा आहे, तिथल्या होस्टनी हा अनुभव जरा वेगळा वाचावा. लंडनमध्ये विशेष परवानगीशिवाय पूर्ण घर वर्षाला ९० रात्रीच देता येतं. अशा ठिकाणी सगळं लक्ष कोणत्या रात्री विकायच्या यावर हवं, आणि टूलला ती मर्यादा सांगता येत नसेल तर ते जानेवारीपासूनच कोटा खर्चत सुटेल.

टूल ठेवणार आहे का? हो. वारांमधला बारीक फरक आणि जवळपासच्या घरांचे भाव ते माझ्यापेक्षा कितीतरी चांगले सांभाळतं, आणि रोज सकाळचा माझा अर्धा तास वाचतो. नव्या घराला, ज्याच्या नावावर एकही नोंद नाही, त्याला पहिले तीन महिने मात्र त्याच्या भरवशावर सोडू नका. माझ्या दुसऱ्या घराचा मूळ भाव त्याने बराच कमी धरला होता, तो मी तीनदा वर नेला तेव्हा बुकिंगचा वेग जागेवर आला.

पुढच्या भर सीझनसाठी शुक्रवार-शनिवारला तीन रात्रींचा किमान मुक्काम कालच लावून ठेवला. सीझन सुरू व्हायच्या चाळीस दिवस आधी तो दोनवर आणायचा, असं वहीच्या त्या पानावर लाल पेनाने लिहिलं आहे.