नऊ महिने, अकरा हजार किमी आणि गिअरबॉक्सचं ते "थांब जरा"

गाडी घेऊन नऊ महिने झाले, ११ हजार किमीच्या आसपास चालवून झाली, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. टर्बो पेट्रोल इंजिन, ७ स्पीड ड्युअल क्लच ऑटोमॅटिक, ड्राय क्लचवाली (क्लच म्हणजे इंजिन गिअरबॉक्सला जोडणारा-सोडणारा भाग, इथे असे दोन, आणि ड्राय म्हणजे तेलात न बुडवलेले). कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, नाव घेतलं की ब्रँडवरून भांडणं सुरू होतात आणि गिअरबॉक्स राहतो बाजूला.

बाकीचं पटकन उरकतो. सीट छान, लांबच्या प्रवासात पाठ धरत नाही, एसी दणदणीत, हायवेला गिअर कधी बदलला कळत पण नाही. मायलेज स्क्रीनवर दाखवतात त्यापेक्षा कमी. झालं.

आता खरी गोष्ट. दुसऱ्या महिन्यात एका चौकात समोरची लेन ओलांडून वळायचं होतं, मी पूर्ण थांबलो नव्हतो, ताशी ८-१० ने सरकत होतो, समोर गॅप दिसली, पाय दाबला आणि... काहीच नाही. म्हणजे इंजिन चालू, डॅशबोर्डवर एकही लाइट नाही, पण गाडी पुढे जायचं नावच घेईना. मी घाबरून पाय अजून खाली दाबला तर पुढच्या क्षणी गाडीने अशी उडी मारली की वळणाच्या पलीकडे रस्ता ओलांडणाऱ्या माणसाच्या अगदी जवळ जाऊन ब्रेक लागला. बायको शेजारी होती, ती तेवढंच म्हणाली, "अहो, घाई कशाला करता?" आता तिला काय सांगणार की मी घाई केली तेव्हा गाडी झोपली होती आणि गाडीने घाई केली तेव्हा मी आडवा आलेलो होतो.

हे असं का होतं ते नंतर वाचून, विचारून थोडं समजलं. या गिअरबॉक्समध्ये दोन क्लच असतात, एकाकडे १-३-५-७ आणि दुसऱ्याकडे २-४-६. पुढचा गिअर कुठला लागेल याचा अंदाज बांधून तो आधीच तयार ठेवायचा, हीच तर त्याची खासियत, आणि सरळ रस्त्यावर अंदाज बरोबर येतो म्हणून तो इतका स्मूथ वाटतो. पण तुम्ही ब्रेक लावत लावत चौकात आलात की त्याला वाटतं हे थांबणार, आणि तुम्ही थांबत नाही. मग त्याला पहिला की दुसरा हे ठरवायचं असतं, क्लच बरोबर पकडीच्या जागेवर आणायचा असतो, क्लच जळू नये म्हणून तेवढा वेळ इंजिनची ताकद पण दाबून ठेवायची असते, आणि त्यात इंजिन हळू फिरत असताना टर्बोमध्ये (इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा पंखा) हवेचा दाब तयार नसतो. प्रत्येक उशीर छोटाच, पण एकावर एक रचले की चौकाच्या मधोमध जाणवतात. पेट्रोल वाचवणाऱ्या इको मोडमध्ये पेडलच मंद केलेलं असतं, त्यामुळे अजून थोडं वाढतं.

किती उशीर हे मोजायला मी एक वेडेपणा केला. पेडल दाबताना तोंडाने मोठ्याने "आता" म्हणायचो, डॅशकॅममध्ये (काचेमागे लावलेला कॅमेरा) आवाज येतो, मग घरी येऊन गाडीने वेग घेतल्याची फ्रेम शोधायची. बायकोला वाटलं माझं डोकं फिरलं. तीसेक वेळा केलं. बहुतेक वेळा अर्ध्या सेकंदाच्या आत गाडी निघते, त्याचं काही नाही. पण पाच वेळा दीड सेकंदाच्या आसपास लागले आणि एकदा पूर्ण दोन. ताशी ६० ने समोरून येणारी गाडी दीड सेकंदात २५ मीटर पुढे येते, म्हणजे पाच-सहा गाड्यांची लांबी. जी गॅप बघून मी पाय टाकला ती गॅप तोपर्यंत शिल्लकच राहत नाही.

त्या वाईट पाच-सहा वेळा बघितल्यावर पॅटर्न पण दिसला. सगळ्या वेळा गाडी सरकत होती, पूर्ण थांबलेली नव्हती, आणि बहुतेक सगळ्या अर्धा-पाऊण तास ट्रॅफिकमध्ये रांगल्यानंतरच्या. सकाळी थंड असताना एकदाही नाही. आणि इथेच सर्व्हिस सेंटरशी माझं फाटलं, कारण ते गाडी सकाळी घेतात, रिकाम्या रस्त्यावर एक चक्कर मारतात आणि "स्कॅनरला बिघाडाचा एकही कोड नाही सर, या गिअरबॉक्सचं कॅरेक्टरच असं आहे, तुमची चालवायची पद्धत जरा बदला" म्हणून परत देतात.

"चालवायची पद्धत" हे वाक्य ऐकून मला ऑस्ट्रेलियातली केस आठवली. तिथे फोर्डच्या पॉवरशिफ्ट या ड्राय ड्युअल क्लच गिअरबॉक्सच्या तक्रारी नीट न हाताळल्याबद्दल २०१८ मध्ये कोर्टाने कंपनीला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला होता, आणि गाडी थरथरते ती ग्राहकाच्या चालवण्यामुळे असं लोकांना सांगितलं जायचं हा त्यातला मोठा मुद्दा होता. त्याआधी २०१३ मध्ये चीनमध्ये फोक्सवॅगनने डीएसजी (त्यांचा ड्युअल क्लच) गिअरबॉक्सवाल्या ३ लाख ८४ हजारांच्या वर गाड्या परत बोलावल्या होत्या, कारण चालत्या गाडीची ताकद जाऊ शकत होती. माझी गाडी यातली कुठलीच नाही आणि माझा त्रास त्या मानाने किरकोळ आहे, पण "कोड नाही म्हणजे प्रॉब्लेम नाही" हे मी आता मान्य करत नाही.

तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, नुसता उशीर मला धोकादायक वाटत नाही. चुलतभावाकडे एएमटी आहे, म्हणजे मॅन्युअलचाच गिअरबॉक्स पण क्लच-गिअर मशीन बदलतं, एकच क्लच, प्रत्येक गिअरला गाडी मान डोलावते, आपण पण डोलतो, पण ती दर वेळी तेवढीच डोलावते. दोन दिवस चालवली की पायाला कळतं कधी थांबायचं. ओव्हरटेक करताना तुम्ही आपोआप जास्त अंतर ठेवता. माझी गाडी वीस वेळा झटकन निघते आणि एकविसाव्या वेळी अडते, त्या वीस वेळांनी माझा पाय निर्धास्त झालेला असतो. त्यात नंतरची ती उडी. मला विचाराल तर अडण्यापेक्षा उडी जास्त वाईट, कारण अडल्यावर निदान मागचा हॉर्न वाजवतो, उडीच्या वेळी समोरच्याला काही करायला वेळच नसतो.

चौथ्या महिन्यात मी हट्टाने संध्याकाळी तासभर ट्रॅफिकमधून तापवून गाडी नेली आणि टेक्निशियनला शेजारी बसवलं. चौथ्या-पाचव्या चौकात झालं एकदाचं. त्याने स्वतः "अरे" म्हटलं, बस, मला तेवढंच हवं होतं. मग गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअर अपडेट केलं आणि क्लचची पकड नव्याने शिकवली, म्हणजे ती अडॅप्टेशनची प्रोसेस. फरक पडला, खोटं कशाला बोलू. आधी आठवड्यातून दोन-तीन वेळा व्हायचं ते आता महिन्यातून एखाद वेळ, आणि उडी बरीच मवाळ झाली. पूर्ण गेलं नाही.

मधल्या काळात मी ज्या सवयी लावून घेतल्या त्या पण सांगतो, कुणाला उपयोग झाला तर बरं. वळायचं असेल तर सरकत राहायचं नाही, एकदा पूर्ण थांबायचं, मग पहिला गिअर ठरलेला असतो. गर्दीच्या चौकाआधी मॅन्युअल मोड टाकून स्वतः पहिला लावायचा. ऑटो स्टार्ट-स्टॉप (थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होणं) बंद. ट्रॅफिकमध्ये इंच इंच सरकण्यापेक्षा पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्यायची आणि मग एकदम जायचं, ड्राय क्लच कमी तापतो. आणि अडली तर पाय जास्त दाबायचा नाही, हे सगळ्यात अवघड, कारण शरीर ऐकत नाही. टेस्ट ड्राइव्ह घेणार असाल तर सेल्सवाला हायवेला नेतो तिकडे जाऊ नका, गाडी चांगली तापू द्या आणि हळू सरकत येऊन अचानक पाय देऊन बघा, पाच-सात वेळा, मागेपुढे कुणी नसताना.

या सवयींमुळे मला वाटायला लागलं होतं की झालं, सुटला प्रॉब्लेम. मग गेल्या महिन्यात धाकट्या भावाला गाडी दिली. तो दहा वर्षं मॅन्युअल चालवतोय, हात चांगला आहे त्याचा. तासाभराने परत आला, किल्ली टेबलवर ठेवली आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "दादा, राउंडअबाउटवर मेली रे गाडी, मागे ट्रक होता." मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं, सांगायचं डोक्यातच आलं नाही इतकं मला ते अंगवळणी पडलेलं. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

आता सर्व्हिस सेंटरवाले क्लच पॅक, म्हणजे दोन्ही क्लचचा संच, बदलायचं बघतायत, वॉरंटीत बसतं की नाही यावर ईमेलवर ईमेल चालू आहेत. परवा भावाने पुन्हा किल्ली मागितली तर मी त्याला पूर्ण थांब, मॅन्युअल मोड टाक, पहिला लाव, असं सगळं समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग ऑटोमॅटिक घेतलीस कशाला?"