द्राक्षबागेसाठी घेतलेला वायरलेस थर्मामीटर, एक थंडी वापरून

निफाड तालुक्यात आमची 3 एकर थॉमसन जातीची द्राक्षबाग आहे, अर्धी माळावर आणि अर्धी खाली नाल्याकडंला. थंडीत बातम्यांमध्ये निफाडचा पारा सांगतात तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला, आपल्या प्लॉटमधला नाही, म्हणून डिसेंबरात हा दोन सेन्सरवाला ऑनलाइन मागवला, 1,850 ला पडला.

आल्या आल्या आधी तपासला. ग्लासात बर्फाचा चुरा गच्च भरला, वरून थोडं पाणी, आणि सेन्सरची वायर मधोमध धरून हलवत बसलो. दहा मिनिटांनी एक 0.2 वर थांबला, दुसरा 0.9 वर. दुसऱ्याच्या पाठीवर मार्करने "0.9 वजा करा" लिहून टाकलं. घेणाऱ्यांनी हे कराच, एका अंशाचा फरक थंडीत लई महाग पडतो. नंतर दोन्ही ओलांड्याच्या (वेलीच्या आडव्या फांदीच्या) उंचीला बांधले, वर पांढरी प्लास्टिकची ताटली, खालून हवा मोकळी.

पहिल्याच कडाक्याच्या पहाटे साडेपाचला माळावर 7.1 आणि नाल्याकडं 3.8, एकाच शेतात! वारा पडला आणि आभाळ निरभ्र असलं की थंड हवा जड होऊन उताराने खाली येते आणि साचून राहते, हे ऐकून होतो पण आकडा बघितल्यावर अंगावर काटाच आला कारण आम्ही दरवर्षी दोन्हीकडं सारख्याच शेकोट्या करायचो. यंदा फक्त खालच्या प्लॉटला पहाटे ड्रीप सोडली (विहिरीचं पाणी कोमट असतं आणि ओली जमीन ऊब धरून ठेवते) आणि एक मोठा जाळ करण्यापेक्षा बांधाबांधाने छोट्या छोट्या शेकोट्या केल्या. सरपण निम्मं लागलं, माणसंही कमी. दिवसाचा जास्तीत जास्त आणि रात्रीचा कमीत कमी आकडा मेमरीत राहतो, पिंक बेरीच्या (थंडीने मणी गुलाबी पडतात त्याच्या) भीतीने घडांना पेपर लावायचं ठरवताना तो फार कामाला आला.

आता तक्रार. खोक्यावर 100 मीटर रेंज लिहिलीय, वेलींच्या दाटीत 40 च्या पुढं सिग्नल तुटतो, मग मला स्क्रीन पंपाच्या खोलीत ठेवून तिथंच झोपावं लागलं. अलार्म इतका बारीक की घोंगडी डोक्यावर घेतली तर ऐकूच येत नाही, आणि सेल बदलला की सगळी मेमरी पुसली जाते, त्यामुळे आकडे रोज वहीत उतरवून ठेवा.

साडेतीन स्टार. रेंजचा एक कापला, आवाजाचा अर्धा.