सौदी, यूके की जर्मनी: इंटरव्ह्यूची तयारी कुठली करायची ते आधी ठरवा

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग झालंय, दोनेक वर्षं वॉर्डात नाहीतर आयसीयूत काढलीयत आणि आता नर्स म्हणून परदेशात जायचंय, की बहुतेक जण यूट्यूबवरचे प्रश्न पाठ करायला बसतात, मग सौदीची भरती आली तरी तीच उत्तरं आणि यूकेची आली तरी तीच. ज्युनिअर्सचे मॉक (सरावाचे) इंटरव्ह्यू घेताना हे सारखं दिसतं आणि खरंच वाईट वाटतं, कारण कामाला चांगली असलेली मुलं यात मागे पडतात. सौदीचं पॅनेल तुमचं क्लिनिकल तपासतं, यूकेवाले तुम्ही पेशंटचा विचार कसा करता ते ऐकतात, आणि जर्मनीत भाषेवरच बरंचसं ठरतं. म्हणून देश आधी, तयारी नंतर.

सौदीचं आधी घेते कारण ते सगळ्यात सरळ आहे. मुंबई, दिल्ली, कोची, बंगळुरू अशा शहरांत हॉटेलात किंवा एजन्सीच्या ऑफिसात पॅनेल बसतं, नाहीतर ऑनलाइन होतं, वेळ थोडा असतो आणि प्रश्न थेट तुमच्या डिपार्टमेंटचे. आयसीयू लिहिलंय ना, मग व्हेंटिलेटरचे मोड सांगा, एबीजी (रक्तातल्या वायूंचा रिपोर्ट) वाचून दाखवा, क्रॅश कार्टमधली (इमर्जन्सीच्या ट्रॉलीतली) औषधं आणि त्यांचे डोस सांगा, हेपॅरिनचा अँटिडोट (उतारा) काय, जीसीएस (शुद्धीचा स्कोअर) ८ च्या खाली गेला तर काय कराल. कॅल्क्युलेशन हमखास येतं, म्हणजे डोपामिन २०० मिलिग्रॅम ५० एमएलमध्ये आहे, पेशंट ६० किलोचा, ५ मायक्रोग्रॅम पर किलो पर मिनिट द्यायचंय तर रेट किती? उत्तर ताशी ४.५ एमएल, आणि ते कागदावर दोन मिनिटांत यायला हवं. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी सिनिअर सांगतात "इतक्यावर ठेव" आणि आपण पंप लावतो, त्यामुळे रोज हाताळत असूनही गणित येत नाही. महिनाभर रोज पाच गणितं सोडवा, फरक पडतो. तिकडची मोठी हॉस्पिटलं जेसीआयवाली (हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची) असतात, म्हणून त्यांचे पेशंट सेफ्टीचे सहा गोल्स तोंडावर हवेत, पेशंटची ओळख दोन गोष्टींनी पटवायची आणि त्यात बेड नंबर धरायचा नाही, हे विचारतातच. इंग्रजी साधं असलं तरी चालून जातं. पुढे प्रोमेट्रिक (लायसन्ससाठीची कॉम्प्युटरवरची परीक्षा) आणि डेटाफ्लो (कागदपत्रांची पडताळणी) आहेच.

यूकेचं मात्र वेगळं आहे आणि आपली मुलं सगळ्यात जास्त इथेच अडकतात. प्रश्न ऐकायला सोपा असतो. रात्री तीन वाजता तुमच्या पेशंटचा न्यूज स्कोअर (नाडी, श्वास, बीपी वगैरेंवरून काढलेला आकडा, जितका जास्त तितका पेशंट गंभीर) २ वरून ७ वर गेला, काय कराल? आपलं उत्तर ठरलेलं, डॉक्टरांना कळवीन. चूक नाही, पण त्यांना त्याच्या आधीचं आणि नंतरचं हवंय: पेशंटला एकटं सोडणार नाही, मदतीला हाक मारीन, एअरवेपासून सुरू करून एबीसीडीई (श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध, मग बाकी शरीर) बघीन, गरज असेल तर ऑक्सिजन लावीन, मग एसबीएआरमध्ये (काय झालंय, आधीची माहिती, माझा अंदाज, काय हवंय या क्रमाने) डॉक्टरांना सांगीन, पुन्हा ऑब्झर्वेशन्स घेईन, सगळं लिहून ठेवीन, आणि कोणी आलंच नाही तर त्याच्या वरच्याला फोन करीन. हे शेवटचं वाक्य कोणीच म्हणत नाही. आरएमओला (ड्युटीवरच्या डॉक्टरांना) दोनदा फोन करायची आपल्याकडे धास्ती असते, आणि पॅनेल नेमकं तेच शोधत असतं की पेशंटसाठी ही नर्स बोलेल का.

दुसरा प्रश्न चुकीच्या औषधाचा. इथे चूक झाली की मेमो, म्हणून मुलं म्हणतात "माझ्याकडून कधी चूक झाली नाही" आणि तिथेच मार्क जातात. त्यांना ऐकायचं असतं की आधी पेशंट बघीन, डॉक्टरांना आणि इन्चार्जला सांगीन, पेशंटलाही खरं सांगून माफी मागीन, इन्सिडंट रिपोर्ट भरीन. तसंच नातेवाइकांचं. आपल्या वॉर्डात काकांची शुगर किती ते अख्ख्या खानदानाला माहीत असतं, तिथे मुलाने फोन केला तरी पेशंटच्या परवानगीशिवाय काही सांगायचं नाही. शुद्धीवर असलेल्या, समजून-उमजून नाही म्हणणाऱ्या पेशंटने गोळी नाकारली तर जबरदस्ती नाही, कारण विचारायचं, समजावायचं, नोंद करायची. २०१२ साली तिकडे नर्सिंगसाठी सहा सी ठरवले, केअर, कम्पॅशन, कॉम्पिटन्स, कम्युनिकेशन, करेज, कमिटमेंट. नुसती नावं पाठ करून उपयोग नाही, प्रत्येकाला स्वतःच्या वॉर्डातला एक खरा पेशंट जोडून ठेवा (नाव न घेता), आणि उत्तर तीन मिनिटांच्या आत संपवा. इंग्रजीची अट इथे कडक आहे, आयएल्ट्स अकॅडमिकला लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंग ७ आणि रायटिंग ६.५, किंवा ओईटीला (आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीची इंग्रजी परीक्षा) त्याच तिन्हींत बी आणि रायटिंगला सी प्लस. पुढे नोंदणीसाठी सीबीटी (कॉम्प्युटरवरची परीक्षा) इथून देता येते आणि ऑस्की (प्रात्यक्षिक परीक्षा) तिकडे जाऊन. एक वाईट बातमीही सांगून ठेवते, २०२४ पासून तिकडे बाहेरच्या नर्सेसची भरती खूप कमी झालीय, म्हणून फक्त यूकेवर अवलंबून वर्ष घालवू नका. आणि "केअरगिव्हर म्हणून जा, मग नर्स होशील" असं कोणी सांगत असेल तर जुलै २०२५ पासून केअर वर्करची बाहेरून नवी भरती बंद आहे, पैसे देऊ नका.

जर्मनी. ऑनलाइन इंटरव्ह्यू बरेचदा जर्मनमध्येच होतो, त्यामुळे बी-वन (जर्मन भाषेची मधली पातळी) नसेल तर क्लिनिकलची कितीही तयारी करा, बोलणार कसं? तिथे नर्स म्हणून पूर्ण मान्यता मिळायला बहुतेक ठिकाणी त्याच्या वरची बी-टू पातळी लागते, आणि शून्यापासून बी-टू म्हणजे साधारण ६०० ते ८०० तासिका. नोकरी आणि नाईट सांभाळून हे करायचं म्हणजे वर्ष-दीड वर्ष धरूनच चला. पुण्या-मुंबईत जर्मन शिकवणारं मॅक्सम्युलर भवन आहे, शिवाय फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केलाय त्यात नर्सिंगही आहे, तर त्याकडे लक्ष ठेवा. जर्मनीत नर्सेस नेणारी ट्रिपल विन नावाची सरकारी योजना केरळात नॉर्का या तिथल्या सरकारी संस्थेमार्फत चालते.

पण भाषेइतकंच महत्त्वाचं म्हणजे तिथलं काम. आपल्याकडे स्पंज, बेडपॅन, भरवणं हे मावशी, मामा नाहीतर नातेवाईक करतात, जर्मनीत ते नर्सचंच काम आहे. पॅनेल विचारतं "पेशंटला अंघोळ घालायला तयार आहात का", आणि अर्धा सेकंद जरी चेहरा पडला तरी त्यांना दिसतो. आधी घरी बसून स्वतःलाच प्रामाणिकपणे विचारा, कारण मान्यता येईपर्यंत असिस्टंट म्हणून काम करावं लागतं आणि तिथे जाऊन रडणाऱ्या मुली आहेत. हो, आणि मॉकमध्ये पेशंटला चुकूनही "डू" (तू) म्हणू नका, "झी"च (तुम्ही).

आता पैशाचं. यूकेच्या नियमाप्रमाणे तिथल्या भरतीसाठी उमेदवाराकडून फी घ्यायची नसते. सौदीसारख्या १८ देशांत नर्स म्हणून जायला २०१५ पासून पासपोर्ट ईसीएनआर (एरवी परवानगी न लागणारा) असला तरी ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरचं क्लिअरन्स लागतं आणि नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. त्याच २०१५ मध्ये केरळात कुवेतच्या भरतीत १९,५०० च्या जागी १९.५ लाख घेतल्याचं प्रकरण उघडकीस आलं होतं. "सिलेक्शन पक्कं" म्हणून लाखात मागणाऱ्याकडून उठून या.

माझं मत विचाराल तर, आयसीयू, डायलिसिस, ओटीचा अनुभव आहे, बीएस्सी आहे आणि घरी कर्ज आहे, तर सौदी घ्या, सहा-आठ आठवड्यांत इंटरव्ह्यूची तयारी होते, फक्त नवऱ्याला-मुलांना सोबत नेता येईल का हे ऑफर सही करायच्या आधी लेखी विचारा. इंग्रजी मुळात बरं आहे आणि कुटुंबासकट राहायचंय तर यूके, पण संयम ठेवून. आणि वय कमी आहे, जीएनएम आहे, शिकायची चिकाटी आहे, तर मी आज जर्मनीकडे ढकलीन.

देश कुठलाही घ्या, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं गुड स्टँडिंग (नोंदणी चालू आणि तक्रार नाही असं प्रमाणपत्र), एमयूएचएस म्हणजे आरोग्य विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट (बीएस्सीवाल्यांना) आणि अनुभवाचं पत्र यांना वेळ लागतो, ते आत्ताच मागायला घ्या. छोट्या नर्सिंग होममध्ये असाल तर हे खास बघा की पत्रावर तारखा, पद आणि बेडसंख्या आहे आणि डेटाफ्लोचा ईमेल आला तर तिथे उत्तर देणारं कोणी आहे, इंटरव्ह्यू पास होऊनही या एका गोष्टीवर महिनोन्‌महिने अडकलेले बरेच आहेत.