फेटाळलेला दावा: पूर्ववत करावा की नवा घालावा?

गोव्यातल्या डिचोलीच्या एका मावशींच्या कुळागराच्या (माड-पोफळींच्या बागेच्या) हद्दीचा दावा वकील तारखेला न पोचल्यामुळे फेटाळला गेला. तोच पूर्ववत करावा की नवा घालावा, या पेचात त्या आहेत.

आधी रोजनाम्याची, म्हणजे कोर्टातल्या त्या दिवशीच्या कामकाजाच्या नोंदीची, नक्कल काढा. प्रतिवादी त्या दिवशी हजर असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९, नियम ९ नुसार त्याच कारणावर नवा दावा घालताच येत नाही. दोघेही गैरहजर असतील तरच दोन्ही वाटा खुल्या राहतात.

मुदत: पूर्ववत करण्याच्या अर्जाला फेटाळल्यापासून ३० दिवस. उशीर झाल्यास मुदत कायद्याच्या कलम ५ खाली माफी मागता येते. नव्या दाव्याला ही सवलत नाही. दावा घालण्याची मूळ मुदत संपली की विषयच संपला.

खर्च: नव्या दाव्यात कोर्ट फी पुन्हा, समन्स पुन्हा. झालेल्या साक्षीही नव्याने.

मेहनत: अर्जात गैरहजेरीचे सबळ कारण दाखवावे लागते. वकिलाचे स्वतःचे शपथपत्र जरूर मागा, संकोच नको. वकिलाच्या चुकीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला नको, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रफीक विरुद्ध मुन्शीलाल प्रकरणात म्हटले आहे. पण वर्षानुवर्षे चौकशीच न करणाऱ्याला त्याचा आधार मिळेलच असे नाही. प्रतिवादी हजर असताना दावा फेटाळला गेला असेल, तर अर्ज नामंजूर झाल्यास अपील करता येते.

साक्षी झाल्या असतील किंवा प्रतिवादी हजर असेल, तर अर्जच. दावा अगदी सुरुवातीचा, दोघेही गैरहजर, मूळ मुदत भरपूर शिल्लक आणि मसुद्यातही दोष असेल, तर नवा दावा बरा.