पोलिसांच्या जोडीचे सिनेमे: आज रात्री कोणता लावाल?

दोन पोलीस. एक नियमावर बोट ठेवून चालणारा, दुसरा नियम खिशात घालून फिरणारा. साहेब दोघांना एका गाडीत बसवतात, गाडी लवकरच भंगारात जाते आणि शेवटी दोघं एकमेकांसाठी छातीवर गोळी झेलायला तयार होतात. पहिल्या दहा मिनिटांतच शेवट कळतो, तरी हे सिनेमे मला मनापासून आवडतात. आवडत्या चित्रपटांची यादी सांगताना मात्र बरेच जण त्यांची नावं गाळतात; असे सिनेमे बघून वेळ वाया घालवला, असं मन खातं म्हणून.

या प्रकाराला आजचं रूप आलं ते साधारण १९८२ च्या ‘४८ अवर्स’पासून. त्यात जोडीतला एक पोलीस, तर दुसरा तुरुंगातून दोन दिवसांसाठी बाहेर काढलेला कैदी. तेव्हापासून असे इतके सिनेमे आले की पहिल्यांदा बघणारा गोंधळतोच. निवडताना मारामारी कुठे जास्त आहे हे बघू नका. तस्करी, अपहरण, खलनायकाचा अड्डा ही सगळी दोघांना सोबत ठेवायची निमित्तं. बघायचं ते त्यांचं भांडण आणि त्यातून हळूहळू वाढणारा विश्वास. आणि एक प्रश्न जरूर विचारा: आपल्या या मजेची किंमत पडद्यावर कोण मोजतंय? माझं मन खायला लागतं ते याच्या उत्तरामुळे, वेळ वाया गेला म्हणून नाही.

‘लेथल वेपन’मध्ये (१९८७, दिग्दर्शक रिचर्ड डॉनर) किंमत मोजतो तो स्वतः नायक. मेल गिब्सनच्या रिग्जची बायको अपघातात गेलेली आहे. जगायची इच्छा उरलेली नाही, म्हणून तो कुठेही बेधडक घुसतो. डॅनी ग्लोव्हरच्या मर्टॉने नुकतीच पन्नाशी गाठली आहे. घरी बायको आहे, मुलं आहेत आणि त्याला सुखरूप घरी परतायचं आहे. एकाला मरायची फिकीर नाही, दुसऱ्याला आता कुठे निवांत जगायचंय. विनोद निघतो तो एवढ्याच विरोधातून. इमारतीवरून उडी मारायला निघालेल्या माणसाला वाचवायला रिग्ज वर जातो, त्याचा हात आपल्या हाताला बेडीने अडकवतो आणि त्याला घेऊनच खाली पसरलेल्या हवेच्या गादीवर उडी टाकतो. आपण हसतो, आणि पुढच्याच क्षणी मर्टॉसारखी शंका येते: हा माणूस खरंच मरायला निघालाय का?

या चित्रपटातला सर्वांत मोलाचा प्रसंग माझ्या मते जेवणाचा. मर्टॉ या विक्षिप्त जोडीदाराला घरी नेतो आणि भरलेल्या घरात रिग्ज पहिल्यांदा सैलावतो. तिथून पुढची मारधाड आपल्याला काळजीने बघायला लागते. सावधगिरीचं एक सांगायला हवं. यात रिग्ज पिस्तूल तोंडात धरून बसतो असा प्रसंग आहे आणि तो अजिबात हलका केलेला नाही. मन आधीच जड असेल तर आज हा चित्रपट नको. समलैंगिकांवरचा एक शेराही आज कानाला बोचतो.

‘रश अवर’चा (१९९८) सूर वेगळाच. हाँगकाँगचा इन्स्पेक्टर ली (जॅकी चॅन) अपहरण झालेल्या एका लहान मुलीला शोधायला लॉस एंजेलिसला येतो. एफबीआयला त्याची लुडबुड नको असते, म्हणून स्थानिक पोलिसांमधल्या बडबड्या कार्टरवर (क्रिस टकर) त्याला सांभाळायची कामगिरी सोपवली जाते. ली आधी गप्पच राहतो, कार्टरला वाटतं याला इंग्रजी येत नाही, आणि ती गैरसमजूत ली बिनदिक्कत चालू देतो. एकाचं सगळं कसब जिभेत, दुसऱ्याचं हातापायांत. त्यामुळे दोघं एकाच चौकटीत असले की नजर कुणावर ठेवावी कळत नाही.

मारामारीतली जॅकी चॅनची रीतच निराळी. प्रदर्शनातल्या चकमकीत तो गुंडांशी लढता लढता पुरातन फुलदाण्या पडू नयेत म्हणून धडपडतो. समोरच्याला लोळवण्याइतकीच वस्तू वाचवण्याची काळजी, ही हिंसेकडे बघायची तऱ्हाच मला लोभस वाटते. शेवटच्या श्रेयनामावलीसोबत चित्रीकरणातल्या फजित्या दाखवल्या आहेत, त्या न बघता उठू नका. इथे खटकतात ते वंशावरचे विनोद. काही दोन्ही बाजूंनी समान वाटून घेतलेले आहेत, म्हणून खपून जातात. काही आज नुसते शिळे वाटतात. पण लांबी दीड तासाच्या जरा पुढे आणि रक्तपात बेताचा. किशोरवयीन मुलं सोबत असतील तर या यादीत दुसरा पर्याय शोधायची गरज नाही.

‘हॉट फझ’बद्दल (२००७, दिग्दर्शक एडगर राइट) मी थोडं जास्त बोलणार, कारण यातल्या सगळ्यांत हा चित्रपट मला सर्वाधिक आवडतो. लंडनचा निकोलस एंजल (सायमन पेग) इतका कार्यक्षम की त्याच्यामुळे बाकीचे कामचुकार दिसतात, म्हणून त्याची बदली एका शांत, सुंदर गावात होते. तिथे त्याला जोडीदार मिळतो डॅनी (निक फ्रॉस्ट). याने पोलिसी मारधाडपट भक्तिभावाने पाहिलेले असतात आणि त्याचे प्रश्नही तसेच: हवेत उडी मारत दोन हातांनी दोन पिस्तुलं झाडलीस का कधी? एंजलला कागदपत्रं, नोंदी, कार्यपद्धती यांत रस. चित्रपट या रटाळ कागदी कामालाही पाठलागाच्या वेगाने कापत जातो.

खरं कौशल्य पटकथेत आहे. पळालेला हंस, एका कोठारात सापडलेला जुना समुद्री सुरुंग, सहज बोलून गेलेलं एखादं वाक्य, यांतलं काहीही वाया जात नाही. पहिल्या तासात जे गंमत म्हणून समोर येतं, तेच शेवटच्या धुमश्चक्रीत कामाला येतं. शिवाय यात मैत्री मोठ्या भाषणाने होत नाही. दोघं रात्री शेजारी बसून सिनेमे बघतात आणि एंजलला पहिल्यांदा ड्युटी विसरता येते. या सगळ्या प्रकारावर प्रेम का करावं, याचं उत्तर त्या सोफ्यावर आहे. काही मृत्यू मात्र भीषण आहेत. रक्त बघवत नसेल तर विचार करा.

आता ज्याबद्दल खरोखर मन खातं तो चित्रपट: ‘बॅड बॉइज टू’ (२००३, दिग्दर्शक मायकल बे). विल स्मिथ आणि मार्टिन लॉरेन्सची जुगलबंदी बहारदार आहे, हे नाकारणार नाही. पण शेवटाकडे त्यांची गाडी डोंगरउतारावरच्या झोपड्या तुडवत जाते आणि तो आपल्यासाठी थरार म्हणून मांडला जातो. असाच पाठलाग जॅकी चॅनच्या ‘पोलीस स्टोरी’त (१९८५) होता. तिथेही घरं मोडली, तरी तिथली माझी धास्ती माणसांच्या आणि स्टंट करणाऱ्यांच्या जिवाची होती. मायकल बेच्या चित्रपटात माणसं दिसेनाशी होतात, उरतो नुसता धुरळा. त्यात लांबी अडीच तासांच्या जवळपास. पहिल्यांदा बघणाऱ्याला मी हा सुचवणार नाही.

‘२१ जंप स्ट्रीट’ (२०१२) हसवण्यात कुणालाही मागे टाकेल. त्यातल्या पाठलागात इंधनाचा टँकर स्फोट व्हायलाच हवा अशा बेताने उलटतो आणि होत काहीच नाही. ‘द हीट’मध्ये (२०१३) सँड्रा बुलक आणि मेलिसा मॅकार्थी याच साच्यात दोन बायकांना ठामपणे उभं करतात; शिवराळपणाची तयारी हवी.

तर घरच्यांसोबत बसायचं असेल तर ‘रश अवर’. एकट्याने शांतपणे बघायचा असेल तर ‘लेथल वेपन’, आणि तो रुचला तर लगेच १९८९ चा दुसरा भाग. त्यात मर्टॉ बाँब लावलेल्या संडासावर अडकतो आणि रिग्ज त्याला सोडून जायला नकार देतो. या प्रकारातले तीनचार चित्रपट पाहून झाले असतील तर आजच ‘हॉट फझ’ लावा. एकही पाहिला नसेल तर तो थोडा राखून ठेवा, कारण ज्या सवयींना तो दाद देतो त्या ओळखीच्या असल्या की त्याची गोडी दुपटीने वाढते.