फ्लॅशपॉइंट की फ्रेमवर्क: आधी काय बघावं?

‘द फ्लॅश’ (फ्लॅशपॉइंट) आणि ‘एजंट्स ऑफ शिल्ड’ (फ्रेमवर्क) या दोन्ही सुपरहिरो मालिका थोड्याफार माहीत आहेत आणि पर्यायी जगाची कोणती कथा आधी घ्यावी हे ठरत नाही, अशांसाठी लिहितोय. पुढे दोन्हींचे शेवट येणार आहेत.

मी दोन्ही कथा हरभऱ्याच्या ओलितात पाहिल्या. आमच्याकडे, यवतमाळ जिल्ह्यात, शेतीची लाईन बरेचदा रात्रीच येते. तुषारचे पाइप बदलले की पुढच्या पाळीपर्यंत जागायचं, रानडुकरांवरही लक्ष ठेवायचं. सोबत मावसभाऊ आणि मोबाईलमध्ये उतरवून घेतलेले भाग.

मावसभाऊ पक्का फ्लॅशवाला. ‘द फ्लॅश’चा तिसरा सीझन ऑक्टोबर २०१६ मध्ये फ्लॅशपॉइंटनंच सुरू झाला. बॅरीनं, म्हणजे फ्लॅशनं, भूतकाळात जाऊन आईला वाचवलं, आईबाप दोघंही समोर आहेत, पण जुन्या आठवणी एकेक करून पुसल्या जातायत. शेवटी तो आईच्या खुन्याला, कोंडून ठेवलेल्या थॉनलाच सांगतो, जा आणि जे करायचं ते कर. आईला मारायला स्वतः सांगणारा मुलगा! तो प्रसंग पाहताना आम्ही दोघंही गप्प झालो होतो.

पण बहुतेक चाहत्यांचा राग वेगळाच. २०११ च्या कॉमिक्समध्ये हीच कथा पाच अंकांची, सगळं जग उलटंपालटं करणारी. इथे ते जग एका भागात गुंडाळलं. मावसभाऊ म्हणाला, “एकाच वेच्यात वावर साफ केलं ना बाप्पा!”

मला कमी लांबीचं एवढं वाईट वाटलं नाही. मला खटकलं ते डिगलच्या, म्हणजे ‘अॅरो’ मालिकेतल्या बॅरीच्या मित्राच्या, लेकीचं. बॅरी जग पूर्ववत करायला जातो आणि परत येतो तर डिगलची छोटी सारा नाहीच, तिच्या जागी मुलगा आहे. बापाला पत्ताही नाही. पुढे क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे मालिकांच्या एकत्र भागांत, डिगलला हे कळतं, तो दुखावतो, रागावतो. पण लगेच परग्रहवासीयांशी लढाई, आणि गोष्ट पुढे पळते. एक अख्खी लेक नाहीशी झाली आणि तिच्यासाठी कथेला बसायलाच वेळ नाही. माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती, म्हणून कदाचित मला जास्त लागलं असेल. तुम्हाला तसं वाटेलच असं नाही.

‘एजंट्स ऑफ शिल्ड’च्या चौथ्या सीझनमधलं फ्रेमवर्क मी त्यानंतर पाहिलं. संगणकातलं जग, प्रत्येकाच्या आयुष्यातली एकच सल दुरुस्त केलेली. शिल्डची एजंट मे हिला बहारीनमध्ये एका लहान मुलीला मारावं लागलं होतं; इथे तिनं मारलं नाही, आणि तेवढ्यावरून हायड्रा या दुष्ट संघटनेचं राज्य आलं. एजंट फिट्झला बाप मिळाला, तर तो क्रूर निघाला आणि फिट्झही तसाच झाला. फिट्झनं अॅग्नेस नावाच्या निरपराध बाईला गोळी घातली त्या रात्री मावसभावानं मोबाईल पालथा ठेवला. “आजच्यापुरतं बस्स, भाऊ.” शिल्डशी गद्दारी केलेल्या वॉर्डवरून तर आमचं अजून पटत नाही. इथे तो भला माणूस झालाय हे मला आवडलं. मावसभावाला ते जुन्या पापांवर पांघरूण घालणं वाटतं.

आणि एजंट मॅक. जन्मानंतर काही दिवसांतच गेलेली त्याची होप या जगात मोठी झालीये. बाहेर पडायचं दार समोर असताना तो म्हणतो, मी लेकीजवळच थांबतो. त्याची प्रेयसी यो-यो त्याला आणायला आत शिरते, तरी तो हलत नाही. बाविसाव्या भागात ते जग विझत जातं आणि होप त्याच्या मिठीतूनच नाहीशी होते. इथे कथा त्या बापाजवळ थांबते. डिगलला जे मिळालं नाही ते मॅकला मिळालं.

अडचण फ्रेमवर्कचीही आहे. वॉर्ड कोण, बहारीनमध्ये काय घडलं हे ठाऊक नसेल तर निम्मी गंमत जाते, शिवाय त्या सीझनचे आधीचे पंधरा भाग बघावे लागतात. हाताशी एकच मोकळी रात्र असेल तर फ्लॅशपॉइंट घ्या, वाया जाणार नाही. दहा-बारा रात्री जागायच्याच असतील तर मी फ्रेमवर्कच सांगेन.

फक्त पंधरावा भाग उतरवताना सोळावाही सोबत उतरवून घ्या. फ्रेमवर्कमधली मे हायड्राची माणूस आहे हे तिथूनच उलगडायला लागतं. २०१७ मध्ये या दोन भागांच्या मधे प्रेक्षकांना सहा आठवडे थांबावं लागलं होतं. आमच्या वावरात रेंज येत नाही, त्यामुळे आम्हाला एक अख्खी रात्र थांबावं लागलं, तीच फार लांब वाटली.